‘शक्यतो’ म्हणणाऱ्यांसाठी

माझ्या एका मित्रानं त्याच्या गावात मुलांसाठी अभ्यासिका काढली. ग्रामपंचायतीची बंद पडलेली खोली, दोन पंखे, चार लांब बाकं आणि दहावी-बारावीची वीसेक मुलं. दर शनिवारी बाहेरच्या कुणीतरी यावं, मुलांकडून इंग्रजीचा एखादा उतारा सोडवून घ्यावा, दोन तास गप्पा माराव्यात, अशी त्याची इच्छा होती. त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, “शक्यतो येतो.” पुढच्या चार महिन्यांत मी दोनदा गेलो. मग एका शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. “येणार नसशील तर तसं सांग, म्हणजे खुर्ची मांडत नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. ‘शक्यतो’ म्हणून मी स्वतःला मोकळं ठेवलं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही अशी माझी समजूत होती. पण तिकडे दर शनिवारी एक खुर्ची मांडली जात होती, मुलं साडेनऊपर्यंत दाराकडे बघत होती आणि मग ती खुर्ची उचलून भिंतीला लावली जात होती. माझ्या मोकळेपणाचं भाडं दुसरं कुणीतरी भरत होतं.

हे पुस्तक त्या खुर्चीपासून सुरू झालं.

मराठीत निसटण्यासाठी शब्दांची कमी नाही. बघू. जमवतो. बहुतेक. कळवतो. ‘नक्की नाही, पण धरून चाल.’ लग्नाच्या बोलण्यांत तर याचं शास्त्रच झालं आहे. ‘कळवतो’ म्हणजे नकार बहुधा तयार आहे, आणि ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणजे तो पोचलाही. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव निवडायची वेळ आली की एरवी पार्किंगवरून तावातावानं बोलणारी माणसं एकदम छताच्या पंख्याकडे बघू लागतात.

दुसरीकडे याच भाषेत शब्द ही हातात धरता येईल अशी वस्तू आहे. तो देतात, टाकतात, राखतात, पाळतात, फिरवतात, त्याला जागतात. बैठकीत सुपारी फुटते, कठीण कामाचा विडा उचलला जातो. दिलेली वस्तू आपल्या हातातून जाते आणि दुसऱ्याच्या हिशेबात जमा होते. मनाला भीती वाटते ती या हस्तांतराची.

शब्द द्यायला कचरणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. स्वतःकडे आणि आजूबाजूला बरीच वर्षं पाहिल्यावर माझं मत उलटं झालं आहे. ‘हो हो, येतो की!’ असं बिनदिक्कत म्हणणाऱ्याला भीती नसते, कारण त्याच्या लेखी त्या शब्दाला वजनच नसतं. ‘शक्यतो’ म्हणणारा अडखळतो, कारण शब्द मोडला तर काय होईल हे त्याला दिसत असतं. त्याचा संकोच म्हणजे प्रामाणिकपणाच आहे, फक्त चुकीच्या जागी अडकलेला. अशा माणसाला ‘धीर धर, उडी मार’ सांगून उपयोग नाही. आपण केवढा शब्द देतो आहोत, हे मोजायला त्याला शिकवावं लागतं. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे: शब्द देण्याची भीती बव्हंशी माप न घेतलेल्या शब्दाची असते, आणि माप घेता येतं.

आधी भीतीकडे पाहू. एका गोष्टीला होकार दिला की बाकीच्या वाटा बंद होतात, आणि मनाला बंद होणारं दार उघडणाऱ्या दारापेक्षा मोठं दिसतं. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. शब्द देताना जाणारं सगळं आज समोर दिसतं आणि येणारं पुढे कधीतरी, धुक्यात असतं. तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असतो.

म्हणून आपण दारं उघडी ठेवतो. उघड्या दारांनी मन सुखी होतं का? डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. छायाचित्रणाच्या छोट्या वर्गात विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन आवडत्या छायाचित्रांपैकी एक स्वतःकडे ठेवायचं आणि दुसरं देऊन टाकायचं होतं. काहींना सांगितलं, मन बदललं तर काही दिवसांत अदलाबदल करता येईल. काहींना सांगितलं, आत्ता ठरवा, पुन्हा बदल नाही. पुढे पाहिलं तर ज्यांना बदलाची मुभा नव्हती त्यांना आपलं छायाचित्र अधिक आवडत होतं. मुभा असलेले मात्र ‘दुसरंच ठेवायला हवं होतं का?’ यात घुटमळत राहिले. गंमत म्हणजे कोणत्या प्रकारच्या वर्गात जायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी मुभेचाच वर्ग निवडला. आपल्याला कशानं समाधान मिळेल याचा आपलाच अंदाज असा चुकतो.

लहानपणीच्या तळ्यात-मळ्यातच्या खेळात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायची. रेघेवर उभं राहता येत नाही. पुढे मोठेपणी आपण त्या रेघेवर घर बांधायचा प्रयत्न करतो.

या बाबतीत आपल्या घरातल्या एका जुन्या विधीकडे मला पुन्हा पाहावंसं वाटलं. पूजेला बसलं की गुरुजी आधी संकल्प सोडायला सांगतात. तळहातावर पाणी आणि अक्षता घेऊन बसायचं आणि ते म्हणतील ते ऐकायचं. कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, शालिवाहनाच्या कितव्या शकात, संवत्सर कोणतं, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. मग तो नेमकं काय करणार आहे. शेवटी ‘करिष्ये’ म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं. श्रद्धा असो नसो, या रचनेची मला कमाल वाटते. ‘मी करीन’ म्हणण्याआधी माणसाला स्थळ, काळ आणि नाव यांच्या तीन खुंट्यांना बांधून घेतलं आहे. ‘करिष्ये’ हे रूप आत्मनेपदी आहे, म्हणजे फळ करणाऱ्याच्याच पदरात पडायचं आहे. आणि हातातलं पाणी सोडायचं आहे, जे एकदा सोडलं की परत हातात घेता येत नाही. बोलीत ‘पाणी सोडणं’ म्हणजे एखाद्या गोष्टीची आशा टाकणं. काही करायचं ठरवणं म्हणजे बाकी कशावर तरी पाणी सोडणं, हे त्या विधीत उघडच आहे. भाषेनं चिमटाही काढून ठेवला आहे. पाटावर ‘संकल्प सोडला’ म्हणजे तो केला, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ‘संकल्प सोडला’ म्हणजे तो बारगळला.

स्थळ-काळाच्या खुंटीची ताकद मानसशास्त्रानंही तपासली आहे. पीटर गॉलवित्सर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचा अहवाल दोन दिवसांत लिहायचा होता. निम्म्यांना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच नोंदवायला लावलं. त्यांच्यातल्या दहांपैकी सुमारे सात जणांनी अहवाल वेळेत लिहिला. बाकीच्यांत दहांपैकी तिघांनी. इच्छा दोन्हीकडे होती, फरक खुंटीचा होता. वारकऱ्याला हे सांगायला नको. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला माउलींची आळंदीहून. मुक्काम ठरलेले, दिंडीतली जागा ठरलेली. यंदा मन आहे का, असं त्याला दरवर्षी स्वतःला विचारावं लागत नाही. माळ घालायला मात्र तीच माणसं वर्षानुवर्षं थांबलेली दिसतात. ‘पोरीचं लग्न होऊ दे’, ‘ऊस कारखान्याला जाऊ दे’. कारण माळ घातली की एकादशी, खाणंपिणं, वारी सगळं पाळावं लागतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या थांबण्याला मी टाळाटाळ म्हणणार नाही. ते माप घेत असतात.

माप घेऊन दिलेल्या शब्दाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मला पुण्यात सापडलं. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघालं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली. हा इतिहास आपण शाळेत वाचलेला असतो. त्यागाची कथा म्हणून तो सांगितला जातो आणि वाचणारा मनातल्या मनात म्हणतो, ‘आपल्याला नाही जमायचं.’ पण त्या त्यागाचा करारनामा बघा. सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षं सेवा देण्याचा शब्द देत आणि पगार महिना पंचाहत्तर रुपये ठरलेला असे. नाव ‘आजीव’, मुदत वीस वर्षं. किती काळ, किती मोबदल्यात, कोणतं काम, हे सगळं कागदावर. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ साली आजीव सभासद झाले तेव्हा वीस वर्षांचे होते. थोरल्या भावानं शिक्षण सोडून नोकरी धरली होती आणि त्या पगारातून गोपाळला शिकवलं होतं. अशा घरातल्या मुलाला पंचाहत्तर रुपयांचा शब्द देणं सोपं गेलं नसणार. पण आकडा समोर असल्यामुळे आपण काय देतो आहोत हे त्याला कळत तरी होतं.

गोपाळ गणेश आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. मोठी परीक्षा झाली की मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी देणार आहे, असा त्याचा आशय. त्या पत्रातल्या ध्येयवादाइतकीच मला त्याची वेळ महत्त्वाची वाटते. शब्दाची किंमत जिला मोजावी लागणार होती, तिला त्यांनी ती आधी सांगितली. आपले बरेच शब्द पुढे घरात भांडणाचं कारण होतात, कारण देणारा एक असतो आणि भरणारे दुसरेच.

याच कथेत शब्दातून बाहेर पडण्याचाही धडा आहे. सभासदांनी सगळा वेळ संस्थेला द्यावा की बाहेरची कामं आणि मिळकत चालावी, यावरून वाद वाढले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. का बाहेर पडतो याचा सविस्तर हिशेब त्यांनी लांबलचक पत्रात मांडला. ते योग्य की अयोग्य यावर पुण्यात आजही दोन मतं ऐकू येतात. माझ्या विषयापुरतं एवढंच पुरे, की ते दारातून गेले, खिडकीतून निसटले नाहीत. आणि शब्दात राहिलेल्यांचं जग आखडलं असं म्हणावं, तर धोंडो केशव कर्वे १८९२ साली आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाच त्यांनी अनाथ बालिकाश्रम उभा केला. कॉलेज सुटल्यावर ते हिंगण्यापर्यंत चालत जात. एक दार पक्कं बंद केल्यामुळे त्यांच्या पायांना दुसरी वाट सापडली असावी.

या पुस्तकात गांधीजी अनेकदा येतात, कारण या विषयावर इतका बारकाईनं विचार केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली त्यांनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला व्रतांवर पत्रं लिहिली. त्यांपैकी एकात ते थेट ‘शक्यतो’वरच घसरतात. शक्यतो सत्य बोलेन असं म्हणणारा पहिल्याच मोहाला बळी पडेल, आणि अमुक तारखेला शक्यतो पैसे देईन अशी चिठ्ठी व्यापारात कुणी घेत नाही, असा त्यांचा मुद्दा. पण हे लिहिण्याच्या चोवीस वर्षं आधीची एक संध्याकाळ मला जास्त बोलकी वाटते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची सभा भरली होती. आशियाई लोकांवर सक्तीच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता. शेठ हाजी हबीब यांनी ठरावाला देवाच्या साक्षीनं शपथेचं रूप द्यावं असं सुचवलं, आणि गांधीजी आधी दचकले. मग ते उठले. सभा तापलेली असताना त्यांनी लोकांना आणखी तापवलं नाही. त्यांनी शपथेची किंमत मोजून सांगितली: तुरुंग, मारहाण, दंड, उपासमार, हद्दपारी. प्रत्येकानं स्वतःच्या मनाला विचारावं, शेजाऱ्याकडे बघून हात वर करू नये, आतून बळ वाटत असेल तरच शपथ घ्यावी. मग सगळी सभा उभी राहिली. संकोच घालवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. भीतीला भाषणानं झाकण्यापेक्षा तिच्यापुढे बिल मांडावं.

आणि याच माणसाकडूनही एकदा माप चुकलं. दूध न घेण्याचं व्रत त्यांनी घेतलं होतं. पुढे आजारपणात प्रकृती फार ढासळली, तेव्हा व्रत घेताना मनात गायी-म्हशीचं दूध होतं या आधारावर त्यांनी शेळीचं दूध घेतलं. व्रताचं अक्षर राहिलं, आत्मा गेला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आणि ती बोच पुढेही बाळगली. शब्द मोडला तर काय, ही भीती ज्यांना छळते त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. शब्द मोडूनही माणूस संपत नाही. मात्र तो मोडला हे मोकळेपणानं म्हणावं लागतं.

शब्द पाळण्याचं सगळं ओझं इच्छाशक्तीवर टाकायची गरज नसते, हे भिशी लावणाऱ्या बायकांना अर्थशास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. दर महिन्याला चारचौघींसमोर पैसे ठेवायचे असले की ते बाजूला पडतात. डब्यात ठेवले की दळणाला जातात. फिलिपिन्समधल्या एका ग्रामीण बँकेनं असंच एक खातं काढून पाहिलं. त्यातले पैसे खातेदारानं स्वतःच ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत काढता येत नसत, आणि त्याबद्दल जादा व्याजही नव्हतं. नवा फायदा काही नाही, फक्त बांधून घेणं. तरी विचारलेल्यांपैकी २८ टक्क्यांनी ते खातं उघडलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरानं दिसलं की, ज्यांच्यापुढे हे खातं ठेवलं त्यांची सरासरी शिल्लक, न ठेवलेल्यांच्या तुलनेत, ८१ टक्क्यांनी वाढली होती. स्वतःला बांधून घ्यायची वाट माणसं शोधतच असतात, ती हाताच्या अंतरावर असावी लागते.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात, नाहीतर हे पुस्तक उपदेशाच्या बाजूला कलंडेल. पहिली म्हणजे तरुणांना दिला जाणारा दोष. ‘या पिढीला काही टिकवायला नको’ असं म्हणताना ही पिढी ज्या कागदांवर सह्या करते ते पाहावेत. घर अकरा महिन्यांच्या करारावर, नोकरी कंत्राटी. ज्यांना कुणी अकरा महिन्यांपलीकडचा शब्द देत नाही, त्यांनी आयुष्यभराचा शब्द द्यायला कचरावं यात मनाचा दोष किती आणि व्यवहाराचा किती, हे तपासायला हवं. दुसरी गोष्ट भिडेची. भीड भिकेची बहीण, आणि आपल्याकडचे निम्मे होकार तिच्याच पोटी जन्मतात. विशेषतः मुलींकडून. चहाचा ट्रे हातात देऊन घेतलेल्या होकाराला मी शब्द म्हणणार नाही. ज्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नाही, त्याच्या ‘हो’मध्ये बांधिलकी शोधू नये. म्हणून या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण नकारावर आहे. ‘नाही’ हाही शब्दच आहे, आणि तो वेळेवर दिला तर समोरच्याची खुर्ची वाचते.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात संकोचाची ओळख, दुसऱ्यात मापं: मुदत, मोबदला, काम, आणि बाहेर पडायची रीत. तिसऱ्यात नकार, चौथ्यात मोडलेले शब्द. वाचकानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावं असा आग्रह नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. ज्याला एकच भाग झेपेल त्यानं तेवढाच वाचावा, पण तो शक्यतो वाचू नये, वाचावा.

त्या शुक्रवारच्या फोनचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. मी दोन दिवस घेतले आणि मित्राला कळवलं, “आठ शनिवार. नऊ ते अकरा. मधला गणपतीचा एक सोडून. नवव्याचं आत्ता विचारू नकोस.” तो “बरं” म्हणाला. पाचव्या शनिवारी मुसळधार पाऊस होता, एसटी पाऊण तास उशिरा आली. परत येताना खिडकीशी बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की सकाळी जावं की न जावं हा प्रश्न पडलाच नव्हता. ‘शक्यतो’च्या दिवसांत दर शुक्रवारी रात्री मी तो प्रश्न नव्यानं सोडवत होतो आणि दमत होतो. आता तो एकदाच सुटला होता.

आठ शनिवार झाले. नवव्याच्या आदल्या रात्री मीच फोन केला. म्हटलं, “उद्या येत नाही, खुर्ची मांडू नकोस. पुढच्या महिन्यापासून पुन्हा सहा.”